बग नोंदवतेस तशी ही तक्रार नोंदव

ताई,

मी २७ वर्षांची आहे. कळव्याला आईबाबांकडे राहते आणि महापेला एका गेम स्टुडिओत नोकरी करते. पासष्ट-सत्तर माणसांचा स्टुडिओ, त्यात आम्ही सात मुली. टेस्टर म्हणून, म्हणजे खेळातले दोष (बग) शोधायला लागले, दोन वर्षांनी लेव्हल डिझाइनमध्ये, म्हणजे खेळाचे टप्पे रचायला आले. काम मला मनापासून आवडतं.

आमचे क्रिएटिव्ह डायरेक्टर मालकांचे कॉलेजपासूनचे मित्र आहेत, खूप हुशार आहेत. सप्टेंबरात डेडलाइनमुळे रोज रात्री अकरा-साडेअकरा व्हायचे. ते बाइकवरून सोडतो म्हणायचे. दोनदा गेले. दुसऱ्यांदा त्यांनी विटाव्याच्या अलीकडे गाडी थांबवली. जे बोलले ते इथे लिहायचं नाही. मी नको म्हणाले आणि रिक्षा करून घरी आले.

त्यानंतर माझं काम बदललं. मी बांधत असलेली लेव्हल एका ज्युनियर मुलाला दिली, त्याला मीच शिकवलं होतं. मला जुने आयकॉन साफ करायला बसवलं. मुलांचा डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर वेगळा ग्रुप आहे, कामाचे निर्णय तिथेच होतात.

२१ नोव्हेंबरला, शुक्रवारच्या प्लेटेस्टला, म्हणजे तयार होत असलेला गेम सगळे मिळून खेळून बघतो तेव्हा, नवा शत्रू म्हणून एक चेटकीण टाकली होती. तिला माझा चेहरा होता. माझा चष्मा, हनुवटीवरचा तीळसुद्धा. अंगावर कपडे जवळजवळ नव्हतेच. गोळी लागली की जो आवाज यायचा तो माझा, व्हॉइस चॅटवर मी एकदा खोकले होते तो कापून घेतलेला. सगळे हसत होते. मीही हसले, ताई. तेच सगळ्यात जास्त खुपतं. रिगिंगच्या (पात्रांची हालचाल जमवणाऱ्या) एका मुलाने रात्री ‘सॉरी, मी काही बोलायला हवं होतं’ असा मेसेज केला, बस.

सोमवारी एचआरकडे गेले. ती म्हणाली, आर्टिस्ट लोकांचे विनोद असतात, सर प्रेशरमध्ये आहेत, एप्रिलमध्ये अप्रेझल आहे, कशाला वाढवतेस. १२ डिसेंबरला सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, ‘आज चेटकीण गप्प का?’

आई म्हणते सोड ती नोकरी आणि बँकेच्या परीक्षा दे. बाबा एसटीत कंडक्टर होते, खोपट डेपोला. त्यांना मी काही सांगितलेलं नाही. मैत्रीण म्हणते गेमिंगमध्ये जगभर असंच असतं. मी जास्त मनाला लावून घेते का?

(नाव छापू नये)

*

मुली,

नाव छापलेलं नाही. स्टुडिओ ओळखू येईल असे दोन तपशीलही मी बदलले आहेत.

आधी त्या हसण्याबद्दल बोलते. गेली अकरा वर्षं मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या काही कंपन्यांच्या, लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून काम करते. तक्रार घेऊन आलेली बाई कारखान्यातली असो की काचेच्या इमारतीतली, कधी ना कधी मान खाली घालून हे वाक्य बोलतेच: ‘मी हसले हो तेव्हा.’ खोलीभर माणसं हसत असताना जी हसत नाही ती आणखी एकटी पडते, आणि हे तिला विचार करण्याआधीच कळलेलं असतं. म्हणून ती हसते आणि वेळ मारून नेते. समोरच्या बाजूने हमखास प्रश्न येतो, ‘मग तेव्हा हसलात का?’ तुला कुणी असं विचारलं तर खरं ते सांग: घाबरले होते, त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं. हसली म्हणजे तिची संमती होती, असं कायद्यात कुठेही नाही. कायदा विचारतो की ते वागणं तुला नकोसं होतं का. ते नकोसं होतं म्हणून तर तू सोमवारी सकाळी एचआरच्या टेबलापाशी उभी होतीस.

आता ती चेटकीण. हे काम कसं चालतं ते मला नीट ठाऊक नव्हतं, म्हणून ॲनिमेशनमध्ये असलेल्या माझ्या भाचीला विचारलं की ओळखीच्या माणसाचा चेहरा एखाद्या मॉडेलवर बसवायला किती वेळ लागतो. ती म्हणाली, समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो जमवावे लागतात, मग ते मॉडेलवर बसवायचे, टेक्श्चर रंगवायचं; तीळ वगैरे हाताने काढावा लागतो. नीट करायचं तर दोन-तीन दिवस सहज जातात. मी थोडा वेळ गप्पच बसले. म्हणजे कुणीतरी तुझे फोटो शोधले. कुणीतरी तुझ्या हनुवटीकडे निरखून पाहिलं आणि ब्रशने तीळ काढला. कुणीतरी तासन्‌तासांच्या रेकॉर्डिंगमधून तुझा खोकला शोधून कापला. कुणीतरी ते बिल्डमध्ये, म्हणजे गेमच्या चालवून बघायच्या आवृत्तीत घातलं आणि कुणीतरी ‘चालेल’ म्हटलं. एचआर ज्याला विनोद म्हणते त्यावर पगारी माणसांचे दिवस खर्च झाले आहेत, आणि त्या प्रत्येक पायरीवर कुणालाही थांबता आलं असतं.

माझी हीच भाची बीजीएमआय हा मोबाइलवरचा गोळीबाराचा खेळ खेळताना माइक बंद ठेवते आणि नाव मुलाचं लावते. बाईचा आवाज आला की अनोळखी पोरं काय काय बोलतात ते तिने मला एकदा ऐकवलं. तिला निदान माइक बंद करता येतो. तुझा आवाज तुझ्या सहकाऱ्यांनी चोरला आणि गोळीला जोडला. तेव्हा मनाला लावून घेतेस का, या प्रश्नाचं माझं उत्तर असं की तू फार उशिरा लावून घेतलंस. हे सप्टेंबरातच लावून घ्यायला हवं होतं, आणि ते एकट्या तू नव्हे, तुमच्या मालकांनी.

कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखण्याचा कायदा २०१३ चा आहे. राजस्थानात भंवरी देवी नावाच्या साथिनीने (गावपातळीवरच्या कार्यकर्तीने) बालविवाह रोखायचं सरकारी काम केलं आणि १९९२ मध्ये त्याची भयंकर किंमत मोजली. तिच्यामुळे उभ्या राहिलेल्या ‘विशाखा’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. हा कायदा त्यांतूनच आला. अंगाला हात लागला तरच छळ, असं तो म्हणत नाही. लैंगिक स्वरूपाचं नकोसं बोलणं, चित्रं दाखवणं, हावभाव हे सगळं त्यात येतं. नाही म्हटलं म्हणून कामात नुकसान करणं किंवा तशी धमकी देणं, कामाची जागा नकोशी करून टाकणं, अपमान करणं हेही येतं. विटाव्याजवळ तू नको म्हणालीस आणि तुझी लेव्हल गेली. आयकॉनच्या साफसफाईची गोष्ट तू पत्रात कामाची कुरकुर म्हणून वेगळी लिहिलीस. तक्रारीत ती वेगळी ठेवू नकोस. ती त्या रात्रीचाच पुढचा भाग आहे.

मैत्रिणीच्या वाक्याकडे येते. जगभर असं घडलंय हे तिचं खरं आहे. पण पुढे काय झालं ते तिने तुला सांगितलेलं दिसत नाही.

कॅरल शॉ ही बाई १९७८ मध्ये अटारी कंपनीत गेम बनवायला लागली. पुढे तिने ॲक्टिव्हिजनसाठी १९८२ मध्ये ‘रिव्हर रेड’ बनवला, त्या काळचा गाजलेला खेळ. म्हणजे या धंद्याच्या अगदी सुरुवातीपासून बाया त्यात आहेत; कुणी मेहेरबानीने आत घेतलेल्या पाहुण्या नाहीत. तीच कंपनी पुढे ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड झाली आणि जुलै २०२१ मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या सरकारी यंत्रणेने तिच्यावर खटला भरला: बायकांना कमी पगार, बढतीत डावलणं, छळ. कंपनीने लगेच सगळं झटकलं. त्यावर आठवड्याभरात, २८ जुलैला, कर्मचारी काम थांबवून बाहेर आले. त्यात पुरुषही होते. डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे ५ कोटी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. ती पगार आणि बढतीतल्या भेदभावाबद्दल होती, छळाचे आरोप राज्याने मागे घेतले आणि ते न्यायालयात सिद्ध झाले नाहीत. हेही मी तुला सांगितलं पाहिजे, कारण अर्धं सांगून धीर दिला तर तो टिकत नाही.

रायट गेम्सची गोष्ट तुझ्या जास्त उपयोगाची. तिथल्या वातावरणाबद्दल २०१८ मध्ये बायका उघड बोलल्या, दावा झाला. २०१९ मध्ये १ कोटी डॉलरवर मिटवायचं ठरत होतं. राज्याच्या यंत्रणांनी आक्षेप घेतला की ही रक्कम फारच कमी आहे. शेवटी डिसेंबर २०२१ मध्ये आकडा १० कोटी डॉलर झाला, त्यातले ८ कोटी थेट तिथे काम केलेल्या बायकांसाठी. पहिल्यांदा पुढे केलेल्या कागदावर सही झाली असती तर प्रकरण दहाव्या हिश्शात मिटलं असतं. उद्या तुला कुणी ‘झालं गेलं विसरून जाऊ, तुला ती लेव्हल परत देतो’ म्हणालं तर हे आठव.

आणि फ्रान्स. युबिसॉफ्टमधल्या बायका २०२० मध्ये बोलल्या. पॅरिसजवळच्या बोबिनीच्या न्यायालयाने २ जुलै २०२५ ला तिथल्या तीन माजी वरिष्ठांना दोषी ठरवलं, कुणाला मानसिक छळासाठी, कुणाला लैंगिक छळासाठीही. तुरुंगवासाच्या शिक्षा स्थगित ठेवल्या, दंड झाला. तिथेही बचावात थट्टामस्करीच्या वातावरणाचीच गोष्ट होती. त्या तिघांतले एक तर कंपनीच्या सगळ्या खेळांची दिशा ठरवणारे, तुमच्या सरांसारखेच ‘खूप हुशार’. पाच वर्षं लागली. पण निकाल लागला.

तुझ्याकडे मात्र पाच वर्षं नाहीत. पत्र वाचताना मी पहिल्यांदा तारखाच मोजल्या.

तक्रार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यावी लागते. तुझी शेवटची घटना १२ डिसेंबरची, म्हणजे १२ मार्च. मालिका असेल तर मुदत शेवटच्या घटनेपासून मोजतात, त्यामुळे सप्टेंबरातली रात्रही त्यात येते. ती जुनी झाली असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. समितीला कारणं नोंदवून आणखी तीन महिने वाढवून देता येतात, पण त्या भरवशावर राहायचं नाही. आत्ता जानेवारीचा दुसरा आठवडा चाललाय. या महिन्यात अर्ज गेला पाहिजे.

आणि तो कसा लिहायचा हे मी तुला शिकवायची गरज नाही, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं येतं. टेस्टर असताना तू बग कसा नोंदवायचीस? कुठला बिल्ड, कुठली लेव्हल, काय करताना झालं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, किती वेळा झालं, सोबत स्क्रीनशॉट. ‘गेम नीट चालत नाही’ एवढंच लिहिलं असतंस तर डेव्हलपरने बग तसाच परत केला असता. समितीसमोर येणाऱ्या कितीतरी तक्रारी अशाच असतात: ‘सर मला नेहमी त्रास देतात, माझ्याकडे वाईट नजरेने बघतात.’ बाईचं दुःख खरं असतं आणि कागदात मात्र धरायला काही नसतं. तू असं लिही: ‘२१ नोव्हेंबर, शुक्रवार, संध्याकाळी इतके वाजता, प्लेटेस्टची खोली, बिल्ड क्रमांक अमुक. हजर असलेल्यांची नावं. पडद्यावर काय दिसलं. आवाज कुठला. कोण काय बोललं, त्याच्याच शब्दांत.’ शब्द घाण असतील तर ते जसेच्या तसे लिही, फुल्या घालू नकोस. विटाव्याच्या रात्रीचं जे मला लिहायचं नाही म्हणालीस ते तिथे लिहावं लागेल. एका बैठकीत जमणार नाही. दोन-तीन रात्री लागू देत. शेजारी कुणी विश्वासाचं बसलेलं असलं तर बरं.

वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीतली मुलगी मला आठवते, अकाउंट्समध्ये होती. तिने पुरावा म्हणून शंभर पानी वही आणली. घरखर्चाची वही होती. दुधाचे पैसे, गॅस, भावाची फी, आणि मध्येच बॉलपेनने बारीक अक्षरात: ‘आज केबिनमध्ये बोलावून दार लावलं.’ पुढच्या ओळीला पुन्हा दूध. ज्याच्यावर आरोप होता तो म्हणाला, हे सगळं हिने नंतर एका बैठकीत लिहून काढलंय. आम्ही वही उलटसुलट करून पाहिली. दुधाचा भाव मधल्या महिन्यात दोन रुपयांनी वाढला होता, आणि तिची प्रत्येक नोंद त्या त्या भावाच्या मध्ये बसत होती. त्या दोन रुपयांपुढे त्याला काही बोलता आलं नाही. तू अशी वही ठेवलेली नसशील. पण सप्टेंबरातल्या त्या रात्रीचं रिक्षाचं ऑनलाइन पेमेंट फोनमध्ये असेल. लेव्हल काढून घेतल्याचा मेसेज असेल, कामाच्या बोर्डवर ते काम कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर गेलं त्याची तारीख असेल. रिगिंगच्या मुलाचा मेसेज आहे. आणि आजच एचआरला एक साधा ईमेल कर: ‘२४ नोव्हेंबरला मी तुमच्याकडे येऊन अमुक गोष्ट सांगितली होती, तुम्ही असं म्हणालात.’ रागाचा एक शब्द नको. ती उत्तर देवो न देवो, तारखेची नोंद होते.

एक सांभाळ. सोर्स फाइली, प्रोजेक्ट, बिल्ड पेनड्राइव्हवर घेऊ नकोस, स्वतःला मेल करू नकोस. गुप्तता करारावर तुझी सही आहे, आणि मूळ गोष्ट बाजूला ठेवून तुलाच चोर ठरवायला त्यांना निमित्त मिळेल. त्या करारामुळे समितीकडे जाण्याचा तुझा हक्क जात नाही, कुणी तशी भीती घातली तर घाबरू नकोस. तू फक्त फाइलचं नाव, ती कुठे ठेवली होती आणि बिल्ड क्रमांक लिही, आणि अर्जातच मागणी कर की समितीने ती फाइल व तिचा बदलांचा इतिहास ताबडतोब जपून ठेवायला सांगावा. कुणी कधी काय अपलोड केलं हे तुमच्या सिस्टीममध्ये नावानिशी असतं. तुमच्या धंद्यात पुसून टाकणं वाटतं तितकं सोपं नसतं.

दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष वरिष्ठ बाई, निम्म्या तरी सदस्य बायका, आणि एक बाहेरची व्यक्ती. समितीची माहिती ऑफिसात दिसेल अशा जागी लावलेली असली पाहिजे. तुझ्या पत्रात समितीचा उल्लेखच नाही, म्हणजे तुला ती कधी दिसलेली नाही. एचआरला लेखी विचार, समितीवर कोण आहे. समिती नसेल तर तो कंपनीचा गुन्हा आहे, ५०,००० रुपयांपर्यंत दंडाचा. मग केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवर तक्रार टाक आणि जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला लेखी कळव. महापे नवी मुंबईत असलं तरी जिल्हा ठाणे, त्यामुळे तुला कोर्ट नाक्याजवळ जिल्हाधिकारी कार्यालयातच जायचं आहे. बेलापूरच्या पलीकडे, खारघर-पनवेलला नोकरी असती तर रायगड जिल्हा लागला असता. आणखी एक बघून घे: तुमचे सर नुसते मित्र आहेत की कागदोपत्री मालकही आहेत? मालकाविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते.

अर्जाच्या सहा प्रती, सोबत कागद आणि साक्षीदारांची नावं. समोरच्याला प्रत मिळते, त्याला उत्तराची मुदत असते, चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. समितीपुढे कुणालाच वकील आणता येत नाही, तो मोठा वकील घेऊन येईल ही भीती सोड. तू मात्र आधी वकिलाचा सल्ला घेऊ शकतेस, फुकट. ठाण्याच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईला तिथे उत्पन्न न पाहता मोफत मदत मिळते. पगार बरा आहे म्हणून संकोचू नकोस.

अप्रेझलचं भय एचआरने मुद्दाम घातलं. त्याचं उत्तर नियमांतच आहे. चौकशी चालू असताना तू लेखी मागणी केलीस तर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने तुझ्या कामाचा अहवाल लिहू नये, असं समिती सुचवू शकते. तुझी बदली, त्याची बदली, किंवा तीन महिन्यांपर्यंत तुझ्या हक्काच्या रजांशिवाय वेगळी रजा, हेही मागता येतं. हे आपोआप मिळत नाही. अर्जाच्या शेवटी वेगळा परिच्छेद करून माग: ‘एप्रिलच्या मूल्यमापनावर यांची सही नसावी.’ बहुतेक मुली हा परिच्छेद लिहीतच नाहीत, आणि मग ज्याच्याविरुद्ध तक्रार केली तोच त्यांना गुण देत बसतो.

समजुतीने मिटवायचा मार्गही कायद्यात आहे, पण तो तुझ्या मागणीवरून सुरू होतो; कंपनीला तो तुझ्यावर लादता येत नाही आणि पैसे देऊन तो करता येत नाही. ‘तक्रार सिद्ध झाली नाही तर तुझ्यावरच कारवाई’ असंही कुणीतरी कानात सांगेल. नुसतं सिद्ध करता आलं नाही म्हणून कारवाई होत नाही. जाणूनबुजून खोटं बोलल्याचं वेगळं सिद्ध व्हावं लागतं. पोलिसांकडे जायचा दरवाजाही उघडा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ लैंगिक छळाबद्दलच आहे. ते तू वकिलाशी बोलून ठरव.

त्या रात्रीच्या कामाबद्दलही लिही. साडेनऊनंतर बाईला थांबवायचं तर तिची संमती आणि घराच्या दारापर्यंत पोचवायची सोय ही मालकाची जबाबदारी आहे, महाराष्ट्राच्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात तसं आहे. कंपनीची गाडी असती तर तू त्या बाइकवर बसलीच नसतीस. दोनदा का बसलीस असं तू स्वतःला विचारत असशील, पत्रात न लिहिता. अकरा वाजता महापेहून घणसोली स्टेशनला जायला रिक्षा मिळत नाही म्हणून बसलीस. एवढंच आहे ते.

आता त्या रिगिंगच्या मुलाबद्दल. तुला त्याचा राग आला असेल, आणि तो योग्य आहे. तरीही त्याच्याशी बोल. ‘सॉरी नको, जे पाहिलंस ते लिहून सही कर’ असं सरळ सांग. कदाचित नाही म्हणेल. त्याच्या घरीही हप्ते असतील. पण माझा अनुभव असा की शरम वाटलेला माणूस विचारलं तर उभा राहतो, फक्त त्याला कुणी विचारत नाही. आणि बाकीच्या सहा जणी. सगळ्यांना एकत्र बोलावू नकोस, एकेकीबरोबर चहा घे. ठाण्याच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर एकत्र उतरणारी एखादी असेलच. बाइकवर सोडायला सर फक्त तुलाच म्हणाले असतील असं मला वाटत नाही. त्यांच्या गोष्टी त्यांच्याच राहू देत, तू त्या परस्पर अर्जात घालू नकोस.

तू विचारलं नाहीस, पण सांगते: हे सगळं केलंस तरी तुझ्या मनासारखं होईलच असं नाही. मुंबई-पुण्यातलं गेमिंगचं जग लहान आहे, लोक एकमेकांना ओळखतात, कुणीतरी ‘ती तक्रारवाली’ म्हणेल. मी समितीवर असताना न्याय्य निकाल लागूनही बाई सहा महिन्यांत नोकरी सोडून गेलेली मी पाहिली आहे. रोज त्याच मजल्यावर जाणं तिला झेपेना. झोप उडाली, डबा खाल्ला जात नाही, सकाळी घणसोली जवळ आलं की पोटात कालवतं असं होत असेल तर १४४१६ वर, टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर बोल, मराठीत बोलतात. आणि नोकरी बदलायची असेल तर खुशाल बदल. तक्रार दिल्यावर बदललीस तरी चौकशी थांबत नाही. पोर्टफोलिओसाठी तू बांधलेल्या लेव्हलची श्रेयनामावली माग. गेम बाहेर पडेल तेव्हा लेव्हल डिझाइनखाली तुझं नाव हवं, हेही अर्जात घाल. ती अर्धी लेव्हल तुझी आहे.

बँकेच्या परीक्षा वाईट नाहीत. पण आईला सांग, मी अठ्ठावीस वर्षं बँकेत नोकरी केली आहे आणि तिथेही मला हेच सगळं पाहावं लागलं, फक्त चेटकीण बनवायला कुणाकडे सॉफ्टवेअर नव्हतं. आईला तुझी काळजी आहे, तिला तू सुखरूप घरी आलेली हवी आहेस. अर्ज गेल्यावर काय काय होतं ते तिला समोर बसवून सांग, मी लिहिलंय ते वाचून दाखव. तिची भीती निम्मी होईल.

बाबांना सांगायचं की नाही, यावर मी बराच वेळ विचार केला. मला वाटतं सांगावं, आणि कुणा मामा-काकांमार्फत नको, तूच सांग. भरल्या गाडीत बायकांशी कोण कसं वागतं हे कंडक्टरने जन्मभर पाहिलेलं असतं, आणि कित्येकदा घंटी मारून गाडी थांबवलेलीही असते. शिवाय प्रत्येक टप्प्याला वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरण्यात ज्याचं नोकरीचं आयुष्य गेलं त्याला नोंदीची किंमत सांगावी लागणार नाही. तारखांचा कागद त्यांच्यापुढे ठेव आणि म्हण, बाबा, यात काही राहिलंय का बघा.

सहा प्रती समितीला द्यायच्या आहेत, तू सात काढ. सातवीवर ‘मिळाली’ असं लिहून तारीख आणि सही घे. सही द्यायला कुणी टाळाटाळ केली तर तिथेच उभी राहून तोच अर्ज ईमेलने पाठव. ती सातवी प्रत ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नकोस. घरी ने आणि बाबांच्या नोकरीचे कागद ज्या कपाटात असतील तिथे ठेवायला त्यांच्याच हातात दे.